सात नंबरचं झाकण

आडात कोणी पडलं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. केदारखेड्यातले लोक ही गोष्ट सांगताना शेवट राखून ठेवतात आणि ऐकणाऱ्याचा जीव उगीच टांगणीला लावतात. तसं करण्यात काही अर्थ नाही. त्या दिवशी सगळे धडधाकट घरी गेले, दुपारी पोटभर जेवले आणि झोपलेसुद्धा. मात्र सकाळी साडेआठपासून पावणेदहापर्यंत भावनावर काय गुदरलं, ते तिचं तिलाच ठाऊक.

एक मे होता. वर्कशॉपला सुट्टी. नवीन जालन्यातल्या आपल्या खोलीत भावना चहाचा कप घेऊन निवांत बसली होती. अकरा वाजता केदारखेड्याच्या ग्रामसभेला जायचं होतं. तिथं तिनं बनवलेल्या आडांच्या झाकणांचा विषय निघणार होता. तेवढ्यात शालूचा फोन आला. शालू तिच्याच हाताखाली काम करायची आणि नववा लागला म्हणून कालच संध्याकाळी केदारखेड्याला माहेरी गेली होती. भावनाला वाटलं, पेढ्यांचा फोन असणार.

"काय गं, मुलगा का मुलगी?"

"मॅडम," शालू दबक्या आवाजात म्हणाली, "आमच्या आडावर जे झाकण हाय ना, ते सात नंबरचं हाय. आत्ता अप्पानं पुसलं तवा आकडा दिसला."

"असंल. मंग?"

"त्याला टाके न्हाईत."

भावनानं कप खाली ठेवला. "न्हाईत म्हणजे?"

"एक बी न्हाई. आन् सरपंचताईला भोकरदनला जायचंय म्हणून सभा नऊलाच घेऊन राह्यलेत. अप्पा बारा माणसं उभी करणार हायेत त्याच्यावर. सोता बी चढणार हायेत."

भावनाच्या तोंडचं पाणी पळालं.

हे टाक्यांचं प्रकरण काय, ते समजल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. जालना म्हणजे लोखंडाचं गाव. इथल्या भट्ट्यांतून निघालेल्या सळ्या कुठकुठल्या स्लॅबात जाऊन बसतात. पण त्याच जालन्याच्या खेड्यात आडावर लोखंडी झाकण टाका, ते दोन पावसाळ्यांत गंजतं, नाहीतर एका रात्रीत भंगारवाल्याकडे पोचतं. दोन्हीतून वाचलंच तर ते उचलायला चार गडी लागतात. मग बाया ते एकदा बाजूला ढकलतात आणि पुन्हा कोणी लावत नाही. शालूच्या वडिलांचं, म्हणजे रखमाजी अप्पांचं, वासरू अशाच उघड्या आडात गेलं होतं. पुढच्या खेपेला वासरूच पडेल याची खात्री काय?

भावना भोकरदनच्या एका मास्तरांची मुलगी, शिकलेली मेकॅनिकल इंजिनिअर. राधेश्यामशेठच्या वर्कशॉपात ती फायबरच्या टाक्या आणि दारं करून घ्यायची. या वासराची गोष्ट शालूच्या तोंडून ऐकली आणि तिच्या डोक्यात झाकण शिरलं. मध्ये दोन इंच जाडीचा हलका पिवळा फोम, वर-खाली काचेच्या धाग्यांची मॅट, आणि सगळं रेझिननं भिजवून कडक केलेलं. सात फूट रुंद आणि वजन अवघं चाळीस किलो. दोन बाया गप्पा मारत सरकवतील. शिवाय भंगारात त्याला कुत्रं विचारणार नाही.

पहिलं झाकण विटांवर मांडून वर सिमेंटची पोती रचली. सहा पोती बसली. सातवं ठेवलं आणि कटकन आवाज झाला. वरचा थर फोमपासून सुटला होता, भाकरी फुगल्यावर तिचा पापुद्रा सुटतो तसा. एकदा पापुद्रा सुटला की त्या झाकणात काही राम राहत नाही. राधेश्यामशेठ "वा!" एवढंच म्हणाले आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

फोम आणि दोन्ही थर एकमेकांना घट्ट धरतील असं काहीतरी हवं होतं. आरपार धागे घालावेत, हे भावनाला पुस्तकात सापडलं. पण पुस्तकात ते काम मशिन करत होतं आणि ती मशिन परदेशात होती. वर्कशॉपात झाडलोट करणाऱ्या साळूबाई चार दिवस तिचं उतरलेलं तोंड बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही वाकळ शिवलेली बघितली न्हाई का कधी? टाके न्हाई घातले तर आतल्या चिंध्या एका कोपऱ्यात गोळा होतात. मंग ह्याला टाके घालायला काय धाड भरली?" आणि दुसऱ्या दिवशी त्या घरून पोती शिवायचं दाभण घेऊन आल्या.

दाभणात काचेचा धागा ओवायचा, चार-चार बोटांवर फोममधून आरपार काढायचा. नंतर रेझिन त्या धाग्यात मुरतं, वाळतं, आणि प्रत्येक टाक्याचा आतल्या आत एक बारकासा खांब तयार होतो. एका झाकणाला साडेपाचशे टाके. तसल्या झाकणावर सोळा पोती चढली आणि ते हूं का चूं करेना. मग पोती उतरवून बारा माणसं चढली, नाचलीसुद्धा, आणि त्याचा व्हिडिओ तालुकाभर फिरला. साळूबाईंनी शालूला हाताशी धरून शिकवलं आणि दोघी मिळून टाके घालू लागल्या. रखमाजींनी पहिल्या खेपेतलंच एक झाकण नेलं. येईल त्याला ते चहा पाजत, व्हिडिओ दाखवत आणि सांगत, "ह्या झाकणात माझ्या लेकीच्या हातचे टाके हायेत."

आणि नेमक्या त्याच झाकणात एकही टाका नव्हता.

ते कसं झालं, ते शालूनं फोनवर तीन-चार वाक्यांत सांगितलं. शिमग्याच्या पुनवेला ग्रहण होतं, दुपारीच लागणारं. साळूबाई सणाला घरी. शालूला सातवा चालू होता आणि पोटुशी बाईनं ग्रहणात शिवू नये, चिरू नये, हे सासूनं तिला फोन करकरून बजावलेलं. तिनं दाभण खाली ठेवलं. ग्रहणाची सावली पडायला नको म्हणून फोमच्या गोलावर धुतलेलं कापड झाकलं आणि घरी गेली. टाके नंतर घालता आले असते. पण वर्कशॉपात फोमवर कापड झाकायचं ते टाके पुरे झाल्यावर, धूळ बसू नये म्हणून. कापड घातलेलं म्हणजे झालेलं, हा तिथला कायदा. मधला दिवस धुळवडीचा. तिसऱ्या दिवशी रेझिन ओतणारा पोरगा मिथुन सातलाच कामावर आला, कानात अजून रंग. त्यानं आधी रेझिन कालवलं. रेझिन कालवलं की वीस मिनिटांत आटपावं लागतं, नाहीतर ते डब्यातच दगड होतं. त्यानं कापड ओढलं आणि मॅट अंथरून रेझिन ओतलं. टाके बघत बसायला त्याला कोणी सांगितलं होतं? नऊ वाजता शालू आली तेव्हा सात नंबर पांढरंशुभ्र होऊन वाळत पडलं होतं.

भावनानं प्रत्येक झाकणावर सही केली होती. सोळा पोती मात्र एकाच झाकणावर चढवली होती. एक तपासलं म्हणजे सगळी तपासली, असं तिनं स्वतःच ठरवलं होतं.

"शालू, आधी अप्पांना सांग. आत्ता."

"कोणत्या तोंडानं सांगू, मॅडम? सगळ्या गावाला सांगत फिरलेत ते, लेकीचे टाके, लेकीचे टाके..."

"अगं, बारा माणसांचा जीव हाय!"

"तुम्ही या जल्दी. तवर मी बघते." आणि फोन बंद झाला.

भावनानं रखमाजींना फोन लावला. वाजून वाजून थांबला. शालूला पुन्हा लावला, तोही कोणी उचलेना. सरपंचांचा नंबर तिच्याकडे नव्हता. गाडीची चावी शोधता शोधता तिनं राधेश्यामशेठना सगळं सांगितलं. शेठजी म्हणाले, "हे बघ, तू जा, माणसं खाली उतरव. मुहूर्त न्हाई म्हण, ऊन लागंल म्हण, काहीपण म्हण. पण टाक्याचा विषय बिलकुल काढू नको. उद्या गुपचूप दुसरं पाठवून देऊ. झाकली मूठ सव्वा लाखाची."

भावनानं फोन ठेवला. ती खाली पळाली आणि स्कूटी काढली.

केदारखेडा म्हणजे तासाभराचा रस्ता. ती वाटभर पोत्यांचा हिशोब करत होती. बारा माणसं, साठ-साठ किलोनं सातशे वीस, म्हणजे चौदा पोती आणि वर थोडं. बिनटाक्याचं झाकण सातव्या पोत्याला गेलं होतं. रखमाजींचा आड पाच परस खोल, म्हणजे एकावर एक पाच माणसं उभी केली तर कुठं वर टेकतील. तळाला उन्हाळ्यातलं गुडघाभर पाणी आणि खाली कातळ. राजूर मागं पडलं तेव्हा नऊ वाजून गेले होते. वाटेत तिनं दोनदा गाडी थांबवून फोन लावला, दोन्ही वेळा नुसता वाजला. नंतर तिनं थांबायचंच सोडून दिलं. तिला रडू येत होतं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

सभेचा मंडप रखमाजींच्या दारातच, आडापाशी घातला होता. दीडशे माणूस तरी असेल. पण आवाज कसलाच नव्हता, आणि दीडशे माणसांच्या गर्दीत असा सन्नाटा कधी पडतो, ते सगळ्यांना माहीत आहे. स्कूटी भावनानं उभी केली की तशीच टाकून दिली, हे तिला नंतर आठवेना. माणसं बाजूला सारत ती पुढं घुसली.

झाकण जागेवर होतं. आडावर, लिंबाच्या सावलीत, पांढरंशुभ्र. आणि त्याच्या बरोबर मधोमध मांडी घालून शालू बसली होती. डोक्यावर पदर, दोन्ही हात पोटावर.

"काय झालं?" भावनानं शेजारच्या माणसाला विचारलं. तो भिवा, रखमाजींचा भाऊबंद.

"काय व्हतंय! रखमाजी म्हणले, चला रे, चढा. बारा जणांनी चपला काढल्या. तेवढ्यात ही पोरगी आली आन् मधीच बसली. म्हणती, चक्कर येऊन राह्यली, इथून हालणार न्हाई. पाऊण तास झाला. आता पोटुशी बाईला ऊठ कोण म्हणंल?"

कोणी म्हणत नव्हतं खरं. सरपंच रूपालीताई घड्याळ बघत होत्या. कोणीतरी एकशेआठला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली होती. बारा गडी चपला हातात घेऊन शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे होते.

भावनाला हसू फुटणार होतं. पण तिचं लक्ष झाकणाकडे गेलं आणि हसू जागच्या जागी विरलं. शालू एकटी नव्हती. तिची आई शेजारी बसून कांदा हुंगवत होती. दुसऱ्या बाजूला आशाताई गुडघे टेकून तिच्या दंडाला पट्टा बांधत होत्या, "बीपी तर बराबर हाय की गं," म्हणत होत्या. मागं एक शेजारीण पदरानं वारा घालत होती. शालू कळवळून म्हणत होती, "खाली उतरा, मला हवा लागू द्या, चढू नका कोणी," आणि ती जितकं म्हणत होती तितक्या बाया जास्त काळजीनं तिला चिकटत होत्या. चार बाया. दोनशे चाळीस किलो.

आणि रखमाजी धोतराचा सोगा खोचत होते. "आता बास. भिवा, ये इकडं. संपत, तू पाय धर. पाळण्यावानी उचलू आन् घरात नेऊ." त्यांनी एक पाय झाकणाच्या काठावर ठेवला. संपत पलीकडून चढायच्या बेतात होता. भिवा पुढं सरकला.

"काका, पाय खाली!"

आपल्या गळ्यातून एवढा मोठा आवाज निघू शकतो, हे भावनालाही माहीत नव्हतं. लिंबावरचे कावळे उडाले. रखमाजींना उभ्या जन्मात कोणी असं दरडावलं नसेल. त्यांनी मुकाट्यानं पाय खाली घेतला.

"आशाताई, तुम्ही आधी उतरा. हळू. आता तुम्ही, काकी. आता तुम्ही." एकेक बाई खाली आली. आता एकटी शालू उरली. भावनानं काठावर ओणवं होऊन हात पुढं केला, शालूनं तो धरला, आणि ती रांगत रांगत कडेला आली. तिचे पाय जमिनीला लागले तेव्हा भावनाचा जीव भांड्यात पडला. खरंच पडला. पावणेदहा वाजले होते आणि साडेआठपासून तिनं पहिल्यांदाच पुरता श्वास घेतला होता.

"किती येळ लावला, मॅडम," शालू कानात पुटपुटली. "पाय पार बधिर झाले."

इथं सगळं निभावलं असतं. सगळ्यांनी चक्कर खरी धरली होती. ऊन आहे, पुढच्या महिन्यात बघू, एवढं म्हणून भावना परत फिरली असती तर राधेश्यामशेठनी तिला मिठाई पाठवली असती. पण रखमाजींनी लेकीला सावलीत बसवलं, हात झटकले आणि वळून म्हणाले, "चला रे बारा जण, आता चढा!"

"काका, थांबा." भावना झाकणासमोर उभी राहिली. "ह्या झाकणात टाके न्हाईत. आतून मोकळं हाय ते. चूक आमच्या वर्कशॉपची हाय, आन् न बघता सही मी केली. ह्याच्यावर कोणी चढायचं न्हाई."

मंडपात कुजबूज उठली. रखमाजींना आधी कळलंच नाही. मग ते दुखावल्यासारखे म्हणाले, "असे कसे न्हाईत? माझ्या लेकीनं घातलेत." आणि त्यांनी शालूकडे पाहिलं.

भावनानं शालूचं नाव काढलं नव्हतं आणि काढणारही नव्हती. पण शालू मान खाली घालून म्हणाली, "ह्याला न्हाई घातले, अप्पा."

सरपंच रूपालीताई हुशार बाई. त्या म्हणाल्या, "तोंडी कशाला? संपतच्या बांधकामावर सिमेंट पडलेलं हाय. आणा पोती."

झाकण आडावरून काढून मोकळ्या जागेत चार दगडांवर मांडलं. आडाच्या तोंडावर तात्पुरती बाज आडवी टाकली. पोती यायला लागली आणि गाव मोठ्यानं मोजायला लागलं. एक. दोन. तीन. सहा झाली, काही नाही. सातवं ठेवलं. काही नाही. आयुष्यात पहिल्यांदाच भावना आपलं झाकण मोडावं म्हणून मनातल्या मनात विनवत होती. नाही मोडलं तर बारा माणसं हसत हसत त्यावर चढणार होती आणि तिला अडवायला तोंड उरणार नव्हतं.

आठवं पोतं ठेवलं आणि कटकन आवाज आला. वरचा पापुद्रा कडेपासून सुटून वर आला. नववं ठेवायला गडी वाकला, तेवढ्यात झाकण मधोमध खचलं, दुभंगलं, आणि आठही पोती धप्पकन मातीत बसली. सिमेंटचा धुरळा उडाला.

धुरळा खाली बसला. रखमाजी पुढं आले. त्यांनी तुटलेल्या फोमवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पुटपुटत हिशोब केला. "आठ पोती म्हणजे चारशे किलो. म्हणजे सहा माणसं झाली असती... सातवा चढला असता आन्..." ते थांबले. "मी मधी उभा राह्यणार होतो."

एवढं बोलून ते तिथंच मातीत फतकल मारून बसले. आणि मग त्यांना हसू आलं. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. त्यांचं बघून भिवाला हसू आलं, मग त्या बारा जणांना, आणि हां हां म्हणता सगळा मंडप हसायला लागला. त्यात विनोद काही नव्हता. मरणाच्या दारातून परतलेली माणसं दुसरं काय करणार? नेमकी तेव्हाच सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स आली. डॉक्टर पेटी घेऊन धावत उतरले आणि दीडशे हसणारी माणसं बघून तिथंच थबकले. त्यांना धरून आणून चहा पाजला.

रूपालीताईंनी भोकरदनला जायचं रद्द केलं. "झाकणं घ्यायची," त्या म्हणाल्या. "गावात अठरा आड उघडे हायेत. पण एकेका झाकणावर सोळा-सोळा पोती इथं, आमच्या डोळ्यासमोर. मंजूर?"

"मंजूर," भावना म्हणाली. तिला तर त्या क्षणी काहीही मंजूर होतं.

रखमाजी धूळ झटकत उठले आणि लेकीजवळ आले. आता बोलणी बसणार म्हणून शालूनं पदर ओढून घेतला. रखमाजींनी विचारलं, "पाऊण तास बसली तू त्याच्यावर. ठाऊक असून?"

"हो."

"भ्या न्हाई वाटलं?"

"सहा पोती झेलतं ते, अप्पा. मी बघितलंय. मी एकटी म्हणजे सव्वा पोतं." आणि मग तिचा आवाज फुटला. "त्या बाया चढल्या तवा लई भ्या वाटलं."

रखमाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. बोलले काहीच नाहीत, आणि बोलघेवड्या रखमाजींना गप्प बसलेलं पाहून शालूची आईच रडायला लागली.

ऊन चढलं तसा मंडप पांगला. आशाताईंनी शालूला घरात नेऊन आडवं केलं होतं. भावना तिच्या उशाशी बसून तिला साखरपाणी पाजत होती. बाहेर पोती मोजून परत नेण्याचा गलका चालला होता. भावनाला इतकं हलकं वाटत होतं की तिथंच भिंतीला टेकून डोळे मिटावेत. पण एक गोष्ट मनातून जात नव्हती.

"शालू, त्याच दिवशी का न्हाई सांगितलं? आपण ते झाकण तेव्हाच फोडून टाकलं असतं. मी काय तुला खाल्लं असतं?"

शालू छताकडे बघत म्हणाली, "सांगायलाच आल्ते, मॅडम. मिथुननं रेझिन वतलेलं बघितलं आन् तशीच पळत तुमच्या केबिनला आले. दारात उभी होते. तुम्ही फोनवर भावाशी बोलत होत्या. म्हणत होत्या, ग्रहणात भाजी चिरली तर लेकराचा ओठ फाटतो म्हणणारे लोक अजून हायेत बघ. आन् हसत होत्या. तुम्ही मला हुशार म्हणायच्या ना. मंग मी तशीच माघारी गेले."

भावनाला ते बोलणं आठवलं. भावाशी, संघपालशी, ती खरंच बोलली होती आणि खरंच खळखळून हसली होती. तिच्या घरात ग्रहण कधी पाळलं गेलं नाही. ग्रहण लागलं की तिचे वडील गल्लीतली पोरं गोळा करून, चंद्रावर पडते ती पृथ्वीची सावली, असं समजावून सांगत. तिला त्याचा अभिमान होता, आजही होता. त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. पण दारात एक पोरगी खरं सांगायला आली होती आणि ते हसू ऐकून परत गेली होती, आणि जी बारा माणसं त्या दिवशी त्या दारातच वाचली असती, ती आज शालूला आडावर बसून वाचवावी लागली होती. भावनाला शरमेनं कानकोंडं झालं.

"पुढचं ग्रहण कधी हाय?" तिनं विचारलं.

"ठाऊक न्हाई. सासूबाईला इचारावं लागंल."

"विचार. त्या दिवशी दाभण धरू नको, कापडपण झाकू नको, सुट्टी घे. फक्त मला सांगून जा."

शालूनं तिच्याकडे मान वळवली. "आन् तुम्ही हसल्या मंग?"

नाही हसणार, असं भावनाच्या ओठावर आलं होतं. पण आजच्या दिवशी तरी खोटं बोलवेना.

"हसले तरी सांग," ती म्हणाली.